तुमच्या पण पैशानं

मिरकरवाडा बंदरावर मी ज्या मावशींकडून मासे घेतो, त्यांच्याशी भाव करायला गेलं की त्या नुसत्या समुद्राकडे बघत बसतात. त्यांची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर नॉर्वेला माशांवर संशोधन करते. तिचा व्हिडिओ कॉल आला की मावशी फोन सगळ्या धक्क्यावर फिरवतात.

"इचारा तिला. तुमच्या पण पैशानं गेलीय."

मी आपलं थंडीचं विचारलं.

मध्यंतरी एक बोट चालवणारा म्हातारा तांडेल म्हणाला, "ही कसली परत येते!"

मावशींनी फोन त्याच्याच हातात दिला. तो गडबडला. मग म्हणाला, "बाय, बांगडा हल्ली एवढा लांब का गो जातो?"

"तेच शोधतेय, काका. तुम्हाला कुठं गावला ते कळवाल?"

आता बोट लागली की तांडेल आधी मावशींचा फोन मागतो, लिलावाचं मग बघतो.