मन्मथप्पांची मरळ

मन्मथप्पा लिंगायत वाण्याच्या घरातले. त्यांच्या घरासमोर कुणी अंड्याचं नाव काढलं तरी त्यांच्या पत्नी नीलम्माकाकू दार लावून घेतात. अशा माणसाला साठीनंतर मासे धरायचा नाद लागला. किराणा दुकान पोराच्या हाती गेलं, गिऱ्हाईक अप्पांशी बोलेना, मग ते तेलगावच्या वाटेवरच्या पाझर तलावावर जाऊन बसू लागले. माझं शेत तलावाला लागूनच, म्हणून हा सगळा तमाशा मला फुकटात पाहायला मिळाला.

काकूंनी एकच अट घातली होती. ‘‘बसा जाऊन, पर तुमच्या हातनं जीव जायचा न्हाई. गेला तर मला खरं सांगायचं.’’ अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दिला आणि तो पाळलाही. माशाला जखम कमी व्हावी म्हणून गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकला. गांडूळ टोचायचं नाही, म्हणून कणकेच्या गोळ्या. मासा लागला की हात ओला करून सोडवायचा आणि पुन्हा पाण्यात. तलावावर जाळं टाकणारा सटवा भोई म्हणायचा, ‘‘अप्पा, तुमी मासे धरता का त्यास्नी जेवू घालता?’’

पहिल्या महिन्यात अप्पांनी मासे कमी आणि जलपर्णीच जास्त पकडली. निम्मा तलाव तिनंच झाकलेला. गळ मुळांत अडकला की अप्पा हिसका द्यायचे आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटायचा. हळूहळू शहाणपण आलं. गळ पानांवर नाही, दोन झुबक्यांमधल्या मोकळ्या पाण्यात टाकायचा. अडकलाच तर ओढायचं नाही, दोरी सैल सोडून दुसऱ्या बाजूनं सोडवायचा. मग चिलापी लागू लागली, कधी एखादा रोहूही.

तेवढ्यावर भागलं असतं, पण त्यांना मरळ हवीशी झाली. मरळ म्हणजे आमच्याकडं मानाचा मासा, जलपर्णीखाली दबा धरून बसणारा. सटवा म्हणाला, ‘‘ती कणकीला भुलत न्हाई. तिला जिता बेडूक लागतो.’’ अप्पांनी कानाला हात लावले. ‘‘पिल्लावरची मरळ चिंधीवर बी झडप घालती,’’ सटवा पुढं म्हणाला, ‘‘पर तसलीला कुनी धरत न्हाई.’’ माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. अप्पांनी चिंधीचं तेवढं ऐकलं. ना गांडूळ, ना बेडूक. याहून सोवळी शिकार कोणती?

आषाढ सरत आला होता. एका दुपारी अप्पांनी गळाला लाल चिंधी बांधली आणि जलपर्णीच्या कडेला नाचवली. तिथंच पाण्यावर तांबड्या पिल्लांचा घोळका बुडबुडत होता. पाणी फुटलं, काठी वाकली. या वेळी अप्पा कुठंच चुकले नाहीत. त्यांनी तिला जलपर्णीत शिरू दिलं नाही. हातभर मरळ काठावर आली. मी टाळ्या वाजवल्या. अप्पा पोरासारखे हसत होते.

सटवा धावत आला, पण त्याचं लक्ष मरळीकडं नव्हतं. ‘‘अप्पा, राखणदारच उचलला तुमी. तिकडं बगा!’’ पिल्लांवर चिलापीची झुंड तुटून पडली होती. बगळेही उतरू लागले होते.

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मरळ पाण्यात सोडली. ती खाली गेली आणि दिसेनाशी झाली. मग धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात शिरून अप्पा उरलेल्या पिल्लांजवळ उभे राहिले आणि काठीनं चिलापी नि बगळे हाकलू लागले. काठावरचे लोक हसले. मीही हसलो. मग आमचं हसू थांबलं, कारण अप्पा रडत होते.

‘‘वर या अप्पा, यील ती तिची ती,’’ सटवा म्हणाला.

‘‘ती येऊस्तर मी येत न्हाई.’’

ऊन उतरलं तेव्हा ते ओरडले. ‘‘चावली बे! सटवा, मला चावली!’’ मरळ परतली होती आणि पिल्लांजवळचा परका पाय पाहून तिनं अप्पांची पोटरी धरली होती. चावा बसल्यावर इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी त्यांना धरून घरी नेलं. काकूंनी जखमेवर हळद दाबली. अप्पांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ‘‘बरीच पिल्लं गेली. माझ्याच हातनं,’’ ते म्हणाले. काकूंनी अप्पांना आणि मला भाकरी-पिठलं वाढलं, स्वतःसाठी ताट घेतलं नाही.

‘‘चुकलो मी. तू कावून उपाशी ऱ्हातीस?’’

‘‘तुमाला तळ्यावर जा कुनी म्हनलं व्हतं? मीच ना?’’

अप्पांनी ताट बाजूला सारलं. दोघंही त्या रात्री जेवले नाहीत. मी मात्र जेवलो. जन्मभर मासे खाल्लेला माणूस मी, कोणत्या तोंडानं उपास करणार होतो?