रेबेकामावशींनी घातलेली कडी

वर्गणी मागायला आलेल्या माणसाला रेबेकामावशी आधी पाणी द्यायच्या, मग त्याची यथास्थित खरडपट्टी काढायच्या आणि तो हिरमुसून उठला की वर्गणी त्याच्या हातावर ठेवायच्या. "फुकट भांडायला लाज वाटते गं मला," असं मला म्हणायच्या.

मुलुंडला आमच्या समोरच्याच दारात त्या राहत. अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे घरात आमच्यासारखीच मराठी बोलणाऱ्या ज्यू. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या समाजाची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडणारं एक मंडळ होतं. त्याला यापुढे देणग्या द्याव्यात की नाही, हे ठरवायला एका रविवारी देणगीदार मावशींच्या घरी जमले. मी मदतीला होते. मंडळाचे चिटणीस सॅम्युएलभाऊ बिचारे मान खाली घालून बसले होते. कोर्टातून निवृत्त झालेले रूबेनकाका म्हणाले, अर्धा समाज इस्राएलला गेला, उरलेलेही जातील, मग गाऱ्हाणी कोणाची मांडणार? कुणी म्हणालं, त्यापेक्षा विधवांना धान्य द्या. मावशी प्रत्येकाला "बरोबर आहे तुमचं" म्हणत आणखी पेटवत होत्या.

वाद रंगल्यावर त्यांनी एस्तेरचं नाव काढलं. मागच्या गल्लीतली ही मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिची परीक्षा नेमकी दारफाळणीच्या सणाला आली होती. दारं लावून कडक उपास करायचा, कामाला हात लावायचा नाही, असा तो दिवस. पेपर बुडला तर वर्ष जाणार. तिच्या एकटीच्या विनंतीला कॉलेजने दाद दिली नव्हती. सगळे हळहळले आणि पुन्हा मंडळाबद्दलच्या लांबलचक भाषणांवर घसरले.

चहा आणते, असं सांगून मावशी मला घेऊन बाहेर आल्या आणि शांतपणे त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली.

आतून रूबेनकाकांनी दार ठोठावलं.

"काका, कोर्टात जन्म काढलात ना?" मावशी म्हणाल्या. "एस्तेरसाठी मंडळाच्या नावाने अर्ज लिहा. मग चहा मिळेल."

"आणि मंडळ बंद करायचं ठरलं तर?"

"खुशाल करा. अर्ज गेल्यावर."

आम्ही माझ्याकडे चहा उकळला. आत आधी आरडाओरड, मग कुजबुज, मग रूबेनकाका खणखणीत आवाजात सॅम्युएलभाऊंना मजकूर सांगू लागले. मावशी दाराला कान लावून उभ्या. फारच नम्र वाक्य आलं की बाहेरून ओरडून बदलायला लावायच्या.

सॅम्युएलभाऊंनी तो अर्ज घेऊन कॉलेजात खेटे घातले. शेवटी एस्तेरला सणाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसू दिलं. ती पास झाली, आणि काही महिन्यांतच लग्न होऊन इस्राएलला गेली.

रूबेनकाका मुद्दाम जिना चढून आले. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तीही गेलीच, आता तरी देणगी कशाला, असं त्यांनी विजयी मुद्रेने विचारलं.

मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गेली खरी. पण पास होऊन गेली ना?"