मोजूमावशींचा फिंगरबोर्ड

“अंदाजानं फक्त मीठ टाकावं,” असं आमच्या मोजूमावशी म्हणत, आणि मीठसुद्धा चमच्यानं मोजून टाकत. खरं नाव डोरा; बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. खांदा कॉलनीत आमच्या समोरच्या दारात राहायच्या. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात नोकरी सरली, तरी हातातली पट्टी सुटली नव्हती. त्यांचा पडदा शिवायचा म्हटलं की शिंप्याला घाम फुटे.

भावंडं, मुलं सगळी इस्रायलला गेलेली. मावशी मात्र “मला इथंच करमतं” म्हणत राहिल्या आणि निवृत्तीनंतर एका गुरुजींकडे व्हायोलिन शिकू लागल्या. सोसायटीच्या गणपतीत त्यांनी एकटीनं वाजवायचं ठरलं. “या वयात हे काय खूळ!” ही शेजाऱ्यांची कुजबुज त्यांच्या कानावर गेली होती. आता माघार म्हणजे जन्माची नामुष्की.

गणपती तोंडावर आले आणि त्यांनी फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं दाबायची काळी पट्टी, पळस्प्याच्या नामा सुताराकडे दिली. तिला तारांचे चर पडले होते. नामानं जीव ओतून रंधा मारला.

“बाई, येकदम लेवल! वर गोटी ठेवा, हालनार नाय.”

मावशींनी तिथंच तारा चढवून पाहिल्या. ही पट्टी मुळात गोलसर असते. सपाट पट्टीवरून मधल्या तारा इतक्या उंच राहिल्या की दाबताना बोटं दुखत आणि सूर पळे. नामाचा चेहरा पडला, तेव्हा मावशीच म्हणाल्या, “तुझं काय चुकलं? माप मी दिलं नाही.” जन्मात एकदाच!

मग गुरुजींच्या व्हायोलिनच्या तारा सैल करून त्यांनी पट्टीवर पुठ्ठा उभा धरला. फटीतून उजेड दिसेनासा होईपर्यंत तो कातरत राहिल्या. नामाला मात्र ते पुठ्ठ्याचं गणित उमजेना. मावशी तडक पनवेलच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि एकेक डबा पुठ्ठ्याला लावून बघू लागल्या. दुकानदार म्हणाला, “काकू, डबा बघताय की सून?” शेवटी वेलदोड्याचा एक छोटा डबा तंतोतंत बसला. नामानं त्याच्यावरून हात फिरवला.

“आता कलला, बाई. ह्या डब्याची पाठ पायजे!”

त्यानं शिसवाची नवी पट्टी केली.

गणपतीतल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी मावशींनी भूप वाजवला. पहिले काही सूर कापरे होते. मग बोटं अशी धावली की कुजबुजणारेसुद्धा माना डोलावू लागले. मला तर रडूच आलं. टाळ्या थांबेनात, तेवढ्यात मागून नामा ओरडला, “पट्टी मी केलीय!”

मावशींनी गज उंच करून त्याला स्टेजवर बोलावलं. “ये रे, अर्ध्या टाळ्या तुझ्या.”

आणि अंदाजानं नव्हे, पावलं मोजून बरोबर अर्धं स्टेज त्याला सोडून त्या बाजूला उभ्या राहिल्या.