वावराचं नाव विचारणारी चौकट

सुधाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला बहिणीकडे होते. आदल्या दिवशीच त्यांनी अकोल्याहून फोन करून विचारलं होतं, सोमवारी येता ना ताई... आणि मी हो म्हटलं होतं. ते गेल्याची बातमी ऐकून मी उलट विचारलं, कोणते सुधाकर? आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत दुसरे सुधाकर नव्हतेच.

ते मूळचे हिवरखेडचे. काम मातीचे नमुने चाळण्याचं, पण वेड कॉम्प्युटरचं. मी ज्यावर शेतकऱ्यांची नोंदणी करते, तो प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा दिली की चौकट उघडते. वर प्रश्न, खाली उत्तर टाइप करायची जागा. नाव, गाव, गट नंबर, पीक... एका वेळी एकच प्रश्न. रिकामं ठेवून एन्टर दाबलं तर तीच चौकट परत येते, उत्तर घेतल्याशिवाय पिच्छा सोडत नाही. पाचवी चौकट विचारायची, ‘वावराचं नाव?’ आणि समोरचा शेतकरी आपल्या शेताचं नाव सांगताना खुलायचा. चिंचेचं वावर, नाल्याकडचं, भुताचं. भुताचं का, तेही सांगायचा. मागे रांग खोळंबायची आणि माझं डोकं फिरायचं. अहवालाला गट नंबर लागतो, नाव कशाला? एकदा चिडून म्हटलं, ही चौकट काढून टाका. चाळणी हलवतच ते म्हणाले, “राहू द्या ना ताई. तुमचं काय बिघडून राह्यलं?”

ते गेल्यावर साहेबांनी नेमकी तीच चौकट काढायला सांगितली. मी प्रोग्रॅमची फाइल उघडून ओळ न् ओळ वाचली आणि चक्रावले. बाकीची सगळी उत्तरं साठवली जात होती. वावराचं नाव मात्र कुठेच जात नव्हतं. विचारायचं, घ्यायचं आणि सोडून द्यायचं. मग इतकी वर्षं मी टाइप केलेली नावं गेली कुठे? चूक म्हणावी, तर इतक्या नीटनेटक्या माणसाची? मुद्दाम म्हणावं, तर कशासाठी? विचारायला ते हवे होते. मला त्यांचा रागच आला, आणि मग रडू आलं.

चौकट काढायचं मी आज-उद्या करत राहिले. गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी, मीराबाई, हिवरखेडच्या शेतातली माती घेऊन आल्या. चार प्रश्न झाले, पाचवी चौकट आली. त्या म्हणाल्या, “आमच्या वावराले नावच नाई ना बाई. ते म्हनत, तिथं लोकायचे नावं आयकून राह्यलो, एखादं आवडलं का ठेवू.”

मी चाळणीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथून इथलं सगळं बोलणं ऐकू येतं... म्हणजे एवढ्यासाठीच? पण नुसतं ऐकायचंच होतं, तर उत्तराचा एवढा हट्ट कशाला? मला अजूनही नीट उलगडत नाही. मी रिकामंच एन्टर दाबलं. चौकट परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. मीराबाई पडद्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “त्यायचंच टाका.”

मी टाइप केलं, ‘सुधाकरभाऊचं वावर’. चौकट मिटली, पुढचा प्रश्न आला. साहेबांना मी सांगून टाकलं आहे, ही चौकट राहील. पण त्या दिवशी मला ठाऊक होतं की हे नावही कुठे उरणार नाही, म्हणून मातीच्या पिशवीवर ते पेनने लिहिलं.