खांद्यावरच्या खाचा

छाती लहान करायचं ऑपरेशन करून घेणार आहे, असं मी सांगितलं तेव्हा माय आधी हसली. मग तिला कळलं की मी थट्टा करत नाहीये.

"देवानं देलेलं कापाले निघाली," ती म्हणाली. "कोनाले दाखवाले?"

मला राग आला. मी घुग्घुसला शाळेत शिकवते. कवायतीच्या तासाला मी झाडाखाली का उभी राहायचे, हे माझं मला माहीत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामानं सोलून निघायची. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट मावेल एवढ्या खाचा पाडल्या होत्या. मान दुखते म्हटलं की डॉक्टर उशी बदलायला सांगायचे. घरातल्या सगळ्या उशा बदलून झाल्या. आणि हौस म्हणाल, तर तीही होती. दुकानात टांगलेला कुर्ता माझ्याही अंगावर नीट बसावा असं मला वाटायचं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही.

नागपूरच्या सर्जनबाईंनी काही लपवलं नाही. व्रण राहतील, म्हणाल्या. बोंडाभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि मग छातीखालच्या घडीत आडवा. पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या होणार नाहीत, त्या आधीही नव्हत्या. सूज उतरून आकार बसायला महिने जातील. दीडेक महिना आधाराची ब्रा दिवसरात्र, झोपणं उताणं, आणि हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. कातडी बधिर राहील, कदाचित कायमची. मी सगळ्याला मान हलवली. बधिर म्हणजे नेमकं काय, हे मला घरी आल्यावर कळलं.

ऑपरेशननंतर साचलेलं रक्तपाणी निघायला छातीला दोन नळ्या लावल्या होत्या. त्या काढून मला घरी सोडलं. नवऱ्याची खाणीत शिफ्ट, त्यामुळे मुलचेऱ्याकडच्या गावाहून माय आली. रागावलेलीच आली, पण डिंकाचे लाडू घेऊन. छाती बांधून बाई खाटेवर पडलेली तिनं फक्त बाळंतपणातच पाहिली होती, म्हणून तिनं माझं बाळंतपणच सुरू केलं. माझी वेणी घालायची, घास भरवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिनं दगडी कोळशाची शेगडी पेटवली. फडक्याची घडी तव्यावर गरम करून तिनं माझ्या छातीवर, पट्टीच्या वरच्या अंगाला ठेवली.

"लागून राह्यलं का?"

"नाई," मी म्हटलं. खरंच काही लागत नव्हतं. गोळीच्या गुंगीत मला मायचा हात तेवढा जाणवत होता. लागत नाही म्हणून तिनं घडी आणखी तापवली. मग फडकं उचललं आणि तिचा हात तसाच थांबला. कातडी लालभडक झाली होती, कडेला फोड आला होता. मी पाहिलं आणि घाबरले, दुखत नव्हतं म्हणून जास्तच घाबरले.

सर्जनबाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. भाजलेलं टाक्यांपासून लांब होतं, मलम लावलं की भरेल, पण आता शेक नाही म्हणजे नाही, असं त्यांनी बजावलं. माय ऐकत होती. तिनं शेगडीवर पाणी ओतलं आणि दिवसभर अन्नाला शिवली नाही.

संध्याकाळी मलम लावताना तिचं बोट माझ्या खांद्यावरच्या खाचेवर थांबलं.

"हे भरन का?"

थोडंफार भरेल म्हणतात, मी सांगितलं. तिनं पदर बाजूला केला, ब्लाऊजचा खांदा खाली ओढला. तिची खाच माझ्याहून खोल होती, काळी पडलेली. इतकी वर्षं मी तिच्याच घरात वाढले आणि ती कधी पाहिली नव्हती.

"धानाच्या रोवण्यात वाकलं का पाठ तुटाची," ती म्हणाली. "मले वाटे, बाईमानसाचं असंच रायते."

मला रडू आलं. रडले की टाके ओढायचे, म्हणून नीट रडताही येईना. तिनं माझं तोंड पदरानं पुसलं.

पुढच्या तपासणीला ती माझ्यासोबत नागपूरला आली. बाईंनी माझे टाके पाहिले, फोडाची जागा पाहिली, बरं आहे म्हणाल्या. मी उठले. माय उठली नाही. पदर घट्ट धरून तिनं विचारलं, "माह्या वयात होते का?"

आधी तपासावं लागेल, बाई म्हणाल्या, साखर, रक्तदाब, सगळं; ठीक निघालं तर होऊ शकतं. मात्र दीडेक महिना वाकून काम नाही, ओझं नाही. मी मायकडे पाहिलं. मृग तोंडावर आला होता, आणि माझ्या आठवणीत तिनं भातलावणीचा एकही रोवणा चुकवला नव्हता. माझ्या जन्माच्या वर्षीही बांधावर झोळी बांधून ती चिखलात उतरली होती.

"मंग यंदा," माय म्हणाली, "दुसरं कोनी रोवन."