किटलीभर ऊन पाणी

माझ्या आईला कुणी गारठलेलं बघवत नाही. तिची सगळी नोकरी लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत गेली. तिथल्या वाफेत नव्या बायका दोन दिवसांत रडकुंडीला यायच्या, आणि आई त्यांना सांगायची, थोडे दिवस घाम गाळा, मग अंगच सांभाळून घेतं. उकाड्याचं हे शहाणपण तिला पक्कं ठाऊक. थंडीचा विषय निघाला की मात्र पालथ्या घड्यावर पाणी. थंडी म्हणजे दुखणं, पुढे बोलायचं नाही.

अशा बाईला सून मिळाली पोहणारी.

वहिनी तरणतलावावर मुलांना शिकवते. तिथलं पाणी कोमट. तिला हवी होती तळ्यावरच्या बचाव पथकातली जागा, आणि त्यासाठी ऐन हिवाळ्यात तळं पोहून पार करून दाखवावं लागतं. पथकात तोवर एकही बाई नव्हती. वहिनीने हे इतकी वर्षं मनात धरलं होतं, की दादा तिच्यासमोर तळ्याचं नावही काढत नसे.

पथकाचा प्रमुख मोजकं बोलणारा. तो वहिनीला म्हणाला, "पोहता तुम्हाला येतं. पण गार पाण्यात पडल्या पडल्या छाती आपोआप धपापते, श्वास ताब्यात राहत नाही. चांगले चांगले पोहणारे त्या पहिल्या मिनिटातच पाणी पितात. घरी बर्फाच्या पाण्यात थोडा थोडा वेळ बसा. पाच-सहा खेपांत अंग शिकतं. आणि एकट्याने बसू नका."

मागच्या अंगणात निळं पिंप आलं. सकाळी वहिनी त्यात पाणी भरायची, बर्फ टाकायची आणि अंग मोकळं करायला एक चक्कर धावून यायची. मग मला उठवायची. एकटीने बसायचं नाही, म्हणून मी घोंगडी पांघरून शेजारी, हातात घड्याळ आणि तोंडाने कुरकुर. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना. आठवडा सरला तर बाई पिंपात बसून माझ्याशी गप्पा हाणू लागली.

"अंग शिकलं गं," ती म्हणाली. मलाही पटलं. वर बर्फाचे खडे तरंगत होते, आणखी काय बघायचं?

परीक्षेच्या दिवशी तिने धक्क्यावरून उडी मारली आणि वर आली ती तोंड वासून. डोळे विस्फारलेले, हात नुसते पाणी बडवताहेत. ज्या बाईने अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, तिला नावेत ओढून घ्यावं लागलं.

"रोज बसत होता ना?" प्रमुखाने विचारलं.

"रोज."

"तुमच्या अंगाला हे पाणी आज पहिल्यांदा भेटलंय." त्याने थंडी सरायच्या आत आणखी एक संधी दिली. तीही हुकली तर जागा दुसऱ्याला.

घरी आई तिचे तळपाय चोळत बसली. चोळता चोळता मोठ्या समाधानाने म्हणाली, "तरी बरं, तू धावायला गेलीस की मी रोज किटलीभर ऊन पाणी ओतत होते पिंपात. नाहीतर आज काही खरं नव्हतं."

आणि सुनेला शंका येऊ नये म्हणून वरून चार ताजे खडे सोडत होती. हेही तिनेच सांगितलं.

माझं डोकं फिरलं. "आई, तूच घालवलीस तिची परीक्षा," मी म्हणाले. आईचे हात थांबले. वहिनीचे ओठ अजून निळेच होते. तिने मला गप्प केलं आणि विचारलं, "आई, इस्त्रीच्या खोलीत नव्या बाईला तुम्ही पंख्याखाली बसवायचात का?"

"छे. मग ती टिकणार कशी?" आई बोलून गेली. मग उठून तिने किटली फडताळात ठेवून दिली.

"उद्यापासून बर्फ तुम्ही टाका," वहिनी म्हणाली.

आईने टाकला. शिवाय बाही वर सारून स्वतःचा हात कोपरापर्यंत पिंपात घातला. "माझा हात बाहेर आला की तूही बाहेर यायचं," म्हणाली. पहिल्या दिवशी तिने हात लगेच काढला. वहिनी हलली नाही. आईने सुनेकडे बघितलं, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटली आणि हात परत घातला. मग दोघी हट्टाला पेटल्या. मी घड्याळ धरलं नसतं तर दोघींनाही उचलून आत न्यावं लागलं असतं.

दुसऱ्या परीक्षेला आई एक जड पिशवी शेजारी ठेवून काठावर उकिडवी बसली. वहिनीने उडी मारली तसा आईने हात तळ्यात घातला. वहिनी वर आली, तोंड उघडलं. आई पुटपुटत होती, "सोड. हळू सोड." वहिनीने श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला, आणि हात मारायला लागली.

आईने हात बाहेर काढून शालीला पुसला आणि पिशवी घेऊन उठली.

"अगं, अख्खं तळं बाकी आहे अजून," मी म्हणाले.

"पोहायला येतं तिला," आई म्हणाली आणि पलीकडच्या काठाकडे चालू लागली.

वहिनी तिकडे बाहेर आली तेव्हा आई चहाची किटली घेऊन उभी होती. या खेपेला सगळ्यांच्या देखत.