राखणदाराचा कान

काकांच्या कंप्यूटरला पडदा नव्हता. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलावर एक कीबोर्ड, एक काळा डबा आणि दोन जुने स्पीकर, एवढंच. त्या स्पीकरमधून जो आवाज यायचा तो मराठी आहे हे मला पहिल्या दिवशी कळलंच नाही. गरम तेलात मोहरी तडतडावी तसं काहीतरी सलग, भलत्या वेगात चाललेलं, आणि काका मान किंचित डावीकडे झुकवून, उजवा कान स्पीकरकडे करून बसलेले. मी लिहिलेला कोड त्यांचा कंप्यूटर त्यांना वाचून दाखवत होता. एकदम बोट उचलून त्यांनी तो थांबवला. "सत्ताविसाव्या ओळीत कंस उघडलास. मिटवला कुठे?" मी फोनवर तीच ओळ काढून डोळे फाडून बघितली. खरंच मिटवला नव्हता. काका जन्मांध होते आणि त्यांचं ते उचललेलं बोट दिसलं की मी चुकलेली ओळ शोधायला लागायचे.

समोर मी त्यांना काका म्हणायचे, पण आमच्या घरात त्यांचं नाव राखणदार. ते आईने ठेवलं. मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि वर्गात सगळ्यांना एकच वेड लागलं होतं, ते म्हणजे ओपन सोर्समध्ये काहीतरी केलेलं दाखवता आलं पाहिजे, नाहीतर मुलाखतीत कुत्रंही विचारत नाही. ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदल सुचवावा, आणि त्याला एक मेंटेनर असतो, तो आलेले बदल तपासून आत घेतो किंवा परत पाठवतो, असं मी आईला ती कोलंबी सोलत असताना समजावत होते. "पगार किती?" आईने विचारलं. काही नाही, म्हटलं. "म्हणजे आपलो राखणदारच गो तो. पगार नाय, पाणी नाय, आणि गाव सांभाळता." राखणदार हा आमच्या कोकणातल्या गावच्या वेशीवरचा देव; त्याला वर्षातून एकदा नारळ मिळतो, बाकी वर्षभर तो फुकट जागतो.

मी निवडलं होतं ते सॉफ्टवेअर दृष्टिहीन लोकांना पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवायचं. मोठं समाजकार्य वगैरे माझ्या मनात नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू. तिथे काम करणारी माणसं कमी, म्हणजे माझं नाव लवकर वर येईल, इतका साधा हिशेब होता. पहिला बदल पाठवला आणि तीन दिवसांनी मेंटेनरचं उत्तर आलं, "का?" मी दहा ओळींचा खुलासा लिहिला. त्यावर उत्तर, "कुणासाठी?" महिनाभर हे चाललं. मी इतकी वैतागले की तो प्रकल्पच सोडणार होते, तेवढ्यात त्यांनी लिहिलं, "प्रोफाइलवरून मुलुंडची दिसतेस. शनिवारी ये. लॅपटॉप आणू नकोस." त्यांनी दार उघडलं तेव्हा मला कळलं की ते 'कुणासाठी?' असं का विचारत होते.

बँकेच्या मुख्य कचेरीत तीस वर्षं ते टेलिफोन ऑपरेटर होते. शेकडो नंबर पाठ, आणि 'हॅलो' ऐकूनच माणूस ओळखणार. कोड ते स्वतःच ऐकून ऐकून शिकले. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे माझा कोड मलाच अर्ध्या वेगाने ऐकायला लावायचा आणि विचारायचं, "काय खटकलं?" मला काहीच खटकायचं नाही. मग ते तोच कोड पुन्हा पहिल्यापासून लावायचे. त्या पुन्हा लावण्याची मला शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटायची.

त्यांचा एक नियम मात्र मोडलेला चालायचा नाही. जे काही विचारायचं, सांगायचं, ते प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्यांना दिसेल असं. मी सुरुवातीला लाजून खासगी मेसेज करायचे. उत्तर यायचं नाही. शेवटी एकदा म्हणाले, "तुला पडलेला प्रश्न उद्या दुसऱ्याला पडणार. त्याने काय तुझ्या फोनात येऊन बघायचं? उघड्यावर लिही." मी म्हटलं, "सगळ्यांना कळेल ना काका, मला काही येत नाही ते." "कळू दे ना मग. त्यांना तरी कुठे काय येतं."

चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या आणि मला घाई सुटली. आतल्या आत केलेल्या दुरुस्त्या मुलाखतीत कोण बघणार? दाखवायला काहीतरी दिसणारं हवं होतं. म्हणून मी एक स्वागताची खिडकी केली. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर येणाऱ्याला सुरुवातीलाच ती दिसणार, छान रंगीत, नवीन काय आहे ते सांगणारी, खाली 'वाचले, मान्य आहे' असा चौकोन आणि 'सुरू करा' असं निळं बटण. आयुष्यात केलेलं पहिलं देखणं काम. काकांनी विचारलं, "तपासलंस?" मी म्हटलं, "दोनदा." त्यांच्या मशिनवर ती खिडकी उगवणार नव्हती, कारण ते रोज नवीनच आवृत्ती वापरायचे. त्यांनी माझ्या शब्दावर बदल आत घेतला. शुक्रवारी संध्याकाळी नवीन आवृत्ती बाहेर पडली.

शनिवारी सकाळी दहाला मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले तर ते स्पीकर लावून फोनवर होते. नाशिकचे एक शिक्षक सांगत होते की अपडेट केल्यापासून कंप्यूटर मुका झालाय. तो फोन ठेवला तर दुसरा आला, कोल्हापूरहून. तोच प्रकार. काकांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तुझी खिडकी आवाज चालू व्हायच्या आधी उघडते की नंतर?"

मी मनातल्या मनात क्रम मोजला. आधी. खिडकीवरचं बटण दाबल्यावरच आवाज चालू व्हायचा. जे सॉफ्टवेअर आंधळ्या माणसाला पडदा वाचून दाखवतं, त्याच्या दारात मी एक पाटी लावली होती, आणि ती वाचल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. दोनदा तपासलं होतं, पण डोळ्यांनी.

"आधी," मी म्हटलं. फोन पुन्हा वाजला, सांगलीचं कुणीतरी होतं. त्यानंतरचा फोन दहिसरहून, संदेशचा. संदेश आमच्या लिस्टवरचा बावीस वर्षांचा मुलगा, कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर त्याचं. एका कंपनीत ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करायच्या कामासाठी त्याची घरूनच परीक्षा होती, अकरा वाजता, आणि पाच मिनिटांनंतर प्रवेश बंद. तीन महिने तो त्यासाठी बोटं झिजवत होता. "काका, अर्धा तास झाला तुमचा फोन एंगेज," तो म्हणाला. "काहीच बोलत नाही हा. आई कामावर गेलीय, शेजारी कुलूप आहे. किती वाजले?" दहा पन्नास झाले होते.

मी माझ्या फोनवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला. पडदा दाखव म्हटलं. त्याने फोन फिरवला तसा मला पंखा दिसला, मग त्याचा खांदा, मग पडद्यावर पडलेला उजेडाचा पांढरा पट्टा. "थोडं खाली. नाही, उजवीकडे. खाली निळं बटण आहे ना," मी बोलून गेले. संदेश शांतपणे म्हणाला, "निळं?" मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"डोळ्यांनी शोधणं सोड," काका म्हणाले. "ती खिडकी तूच बांधलीस ना? मग आठव. रंग सांगू नकोस त्याला, बोटं सांग."

मी डोळे मिटले. खिडकी उघडली की कीबोर्डची खूण कुठे उभी असते? टॅब दाबला की पुढे काय येतं? ज्या गोष्टीवर मी दोन आठवडे घातले होते, ती मला फक्त माऊसने ठाऊक होती. "एकदा टॅब दाब. आता स्पेस, म्हणजे चौकोनात खूण होईल. परत टॅब. आता एन्टर." आवाज काही आला नाही. मग आठवलं, 'सुरू करा'च्या आधी 'रद्द करा' येतं. मी त्याला सॉफ्टवेअर बंद करायला लावलं होतं. "संदेश, सॉरी, परत उघड." त्याचा श्वास मला ऐकू येत होता. काका भिंतीकडे तोंड करून उभे, एक हात टेबलाच्या कडेवर घट्ट. परत टॅब, स्पेस, टॅब, आणखी एक टॅब, एन्टर.

फोनमधून मोहरी तडतडली. मी रडायलाच लागले. संदेशने फोन बाजूला ठेवला आणि आम्हाला त्याची बोटं ऐकू येत राहिली, भराभर, मग थांबलेली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अकरा वाजून सात मिनिटं झाली काका. प्रवेश बंद झालाय."

त्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी लँडलाइनवरून एकेकाला फोन केले, सगळे नंबर तोंडपाठ. प्रत्येकाला तेच सांगत होते, टॅब, स्पेस, टॅब, टॅब, एन्टर. तोवर मी त्यांच्या कीबोर्डसमोर बसून, पडद्याशिवाय, अर्ध्या वेगाने ऐकत माझी खिडकी काढून टाकत होते. अडखळत दोन तास लागले. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर होता.

मग काका म्हणाले, "आता लिही." मी लिस्टवर लिहिलं की काही तांत्रिक कारणामुळे अडचण आली, तसदीबद्दल क्षमस्व. पाठवण्याआधी त्यांनी ते कंप्यूटरकडून ऐकलं आणि बोट उचललं. "हे तांत्रिक कारण राहतं कुठे? मुलुंडलाच ना?" मी ते खोडलं. माझं नाव घातलं, काय केलं ते लिहिलं, डोळ्यांनी तपासलं हेही लिहिलं. माझ्यानंतर त्यांनी स्वतः दोन ओळी जोडल्या. "हा बदल मी न तपासता आत घेतला. दार माझं होतं." ते वाचून मला स्वतःच्या चुकीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

संदेशला फोन करायला लावला तोही माझ्याकडूनच. मी माफी मागितली. तो म्हणाला, "चालतंय असं नाही म्हणणार ताई. नाही चालत." आणि जरा थांबून, "पुढच्या टायमाला आधी मला पाठव, मग जगाला." तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती आधी दहिसरला जाते. त्याला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, पण ती परीक्षा त्याची माझ्यामुळे गेली, हे काही त्या नोकरीने पुसलं जात नाही.

मला अंधेरीला नोकरी लागली. मुलाखतीत मी त्या खिडकीचीच गोष्ट सांगितली. शनिवार मात्र काकांचाच राहिला. अर्ध्या वेगाचं पाऊण झालं, कान तयार होत गेला, पण काकांच्या स्वतःच्या वेगापर्यंत काही पोचत नव्हता. आणि मग गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी चपला काढत होते, आत त्यांचा कंप्यूटर चालू होता, आणि मला शब्दन् शब्द कळला. इतकी वर्षं ज्याची मोहरी ऐकली त्याचं सरळ मराठी झालं होतं. मी तशीच आत धावले. "काका, कळलं मला. सगळं कळलं."

काका हसले नाहीत. "कळणारच," म्हणाले. "मी वेग कमी केलाय." तेव्हा माझं लक्ष गेलं की त्यांची मान आता उजवीकडे झुकलेली होती, डावा कान स्पीकरकडे. ती कित्येक महिने तशीच झुकत होती. डोळे असून मी ते पाहिलं नव्हतं. उजवा कान दिवाळीच्या आधीच गेला होता आणि डावाही तीच वाट धरेल असं डॉक्टर म्हणाले होते. ज्यांचं सगळं जग कानात होतं, त्यांना मी काय सांगणार? "चहा ठेव," ते म्हणाले, "आणि रडायचं असेल तर स्वयंपाकघरात रड."

त्याच संध्याकाळी त्यांनी लिस्टवर लिहिलं, उघड्यावर, नेहमीसारखं. "माझा कान आता भरवशाचा नाही. आजपासून मेंटेनर ही." मी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "नारळ घेवन जा त्यांका."

आता आलेला प्रत्येक बदल मी पडदा बंद करून तपासते. शनिवारी काकांकडे जाते, त्यांच्या डाव्या हाताला बसते आणि नवीन कोड माझ्याच आवाजात त्यांना वाचून दाखवते. परवा एका विद्यार्थ्याने पाठवलेला बदल वाचत होते. काकांनी बोट उचललं. "कंस. मिटवला कुठे त्याने?"

मी ओळ बघितली. कंस मिटवलेला होता, आणि मी तो वाचलाही होता. 'राहिलाय खरा' असं म्हणून पुढे जावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना कोण सांगणार होतं?

"मिटवलाय काका," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू नाही आला."

त्यांचं बोट तसंच वर राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं, खुर्ची माझ्याकडे जरा सरकवली आणि म्हणाले, "बरं. मोठ्याने वाच."